नॅनोकणांचा एकेरी थर: धातूचे कण आपोआप शेजारी शेजारी कसे बसतात?

टेबलावर सांडलेला चहाचा थेंब सुकला की डाग कडेला गडद आणि मध्ये फिका दिसतो. कडेचे पाणी आधी उडते, ते भरून काढायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि चहाचे बारीक कण सोबत नेते. सोन्या-चांदीच्या नॅनोकणांचा थेंब काचेवर सुकवला तरी बहुधा असेच होते. संशोधकांना मात्र फक्त एका कणाइतक्या जाडीचा, सगळीकडे सारखा थर हवा असतो.

हाताने मांडता येतील का?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे 1 नॅनोमीटर. 10 नॅनोमीटर व्यासाचे कण दाटीने बसवले तर एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक लाख कोटी कण मावतात. एकेक उचलून ठेवणे अशक्यच. त्यामुळे कण स्वतःहून जुळतील अशी परिस्थिती तयार करावी लागते. यालाच स्वयंजुळणी म्हणतात.

जुळणीच्या तीन पद्धती

• विद्युतभार: सोडियम सायट्रेट वापरून बनवलेल्या सोन्याच्या कणांवर ऋण भार असतो. काचेवर अमाइन गट असलेल्या सिलेनचा लेप दिला की पाण्यात तिच्यावर धन भार येतो आणि कण तिला चिकटतात. बसलेले कण नव्या कणांना दूर ढकलतात, म्हणून दुसरा थर चढत नाही. मात्र त्यामुळेच कणांमध्ये मोकळी जागाही राहते. 1995 मध्ये अमेरिकेत मायकेल नेटन आणि सहकाऱ्यांनी लेप दिलेल्या काचेवर असे थर बनवून दाखवले.

• सुकणारा थेंब: कणांवर थायॉल रेणूंचे आवरण असेल तर ते एकमेकांना घट्ट चिकटून गोळा होत नाहीत. 2006 मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी थेंबात थायॉल जास्त ठेवले. कण थेंबाच्या वरच्या पृष्ठभागावर अडकले आणि मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी रचनेत बसत गेले. चहाच्या डागासारखी कड तयार झाली नाही.

• पाण्याचा पृष्ठभाग: पाण्यात न मिसळणारे कण पाण्यावर पसरवतात, सरकत्या पट्ट्यांनी जवळ आणतात आणि तयार थर काचेवर उचलून घेतात. पाण्यावरच्या रेणूंच्या थराला विरुद्ध भाराचे चांदीचे कण जोडण्याचे काम 1990 च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही झाले.

पृष्ठभाग गुळगुळीत का लागतो?

डोळ्यांना न दिसणारा 50 नॅनोमीटर खोल ओरखडा 10 नॅनोमीटरच्या कणासाठी खड्डाच असतो. तिथे कण साचतात किंवा रांग तुटते. म्हणून पॉलिश केलेली सिलिकॉनची चकती, अभ्रक किंवा स्वच्छ काच वापरतात. अशा सिलिकॉनवरचे चढउतार 1 नॅनोमीटरपेक्षाही कमी असतात.

खरी करामत फटीत

या थराचे गुण कणांच्या आकारावर जितके, तितकेच दोन कणांमधल्या फटीवरही ठरतात. सोन्याचे सुटे नॅनोकण पाण्यात लाल दिसतात. कोविडच्या अनेक घरगुती चाचण्यांमधली लाल रेघ त्यांचीच असते. हेच कण अगदी जवळ आले की रंग निळा-जांभळा होतो. 1997 मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स हीथ यांच्या गटाने चांदीच्या कणांचा थर पाण्यावर दाबत नेला. फट पुरेशी अरुंद होताच विजेला अडवणारा तो थर धातूसारखा वागू लागला. दाब सैल केल्यावर तो पूर्वस्थितीत आला.

उपयोग आणि अडचण

अरुंद फटीत प्रकाशाचा प्रभाव खूप वाढतो. तिथे सापडलेल्या रेणूने विखुरलेला प्रकाश, म्हणजेच त्याचा रामन संकेत, अनेक पटींनी तीव्र होतो. त्यावरून थायरमसारख्या बुरशीनाशकाचा अत्यल्प अंशही ओळखता येतो.

पण एका जागी फट 1 नॅनोमीटर आणि शेजारी 3 नॅनोमीटर असेल, तर एकाच नमुन्याची दोन वेगळी उत्तरे येतात. फळ सुरक्षित की नाही, हे अशा चाचणीवर ठरवायचे असेल तर ते चालणार नाही. त्यामुळे मोठ्या क्षेत्रावर, भेगा न पडता, सारख्या फटींचा थर पुन्हा पुन्हा तसाच बनवणे हेच या क्षेत्रातले सर्वांत अवघड काम आहे.