वाळू, पाणी आणि अक्षर



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांस सांगत की इतिहास ग्रंथांत नंतर येतो, आधी तो दगडावर असतो. त्या वचनाला स्मरून मी आज एका यंत्राचा इतिहास सांगणार आहे. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने यंत्राविषयी का बोलावे, याचा उलगडा शेवटी होईल.

वाऱ्याने उडालेली वाळू दगड झिजवते, हे निसर्गाचे जुने काम. ते माणसाच्या हाती आणले फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी. १८७० साली त्यांनी वाळूच्या झोताचे पेटंट घेतले. काचेवर नक्षी काढणे, ओतीव लोखंड साफ करणे, दगडावर अक्षरे कोरणे अशा कामांसाठी ही युक्ती पसरली. अक्षर कोरणारा झोत पुढे अक्षर पुसणाराही ठरावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

या युक्तीची किंमत प्रथम कामगारांच्या फुप्फुसांनी मोजली. कोरडी वाळू आपटून फुटली की तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ श्वासावाटे आत जाऊन बसते. तीतून होणाऱ्या सिलिकोसिसवर आजही उतारा नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी अशा कामात वाळू वापरण्यास मनाई केली. आपल्याकडेही कारखाना कायद्याखालील नियमांत हे काम धोकादायक प्रक्रियांत गणले गेले. बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्यांत राबलेल्या घरांना या धुळीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

धूळ दाबण्याचा सोपा उपाय म्हणजे पाणी. जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी १९५० साली गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाईयंत्र तयार केले. पुढे अशा यंत्रांना वाळूची जोडणी आली. तिची रचना साधी आहे. पंपातून शंभर ते दोनशे बार दाबाचे पाणी अरुंद तोटीतून सुटते. त्या वेगवान धारेभोवती दाब कमी होतो आणि बाजूच्या नळीतून वाळू आपोआप ओढली जाते. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी यांनी १७९७ साली वर्णिलेला हाच तो परिणाम. बादलीतील वाळू मात्र कोरडी व चाळलेली हवी, नाहीतर नळी तुंबते. या रीतीने धूळ पुष्कळ कमी होते, पण नाहीशी होत नाही. खाली साचलेला गाळ वाळला की तीच धूळ पुन्हा उठते. म्हणून मुखवटा सुटत नाही. गंजलेल्या लोखंडी फाटकाला वा ओतकामाला ही रीत उपकारक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु दगडाचे काय? वाळूतील क्वार्ट्झ पोलादी चाकूहूनही कठीण असतो. त्याचा मारा मळ आणि दगड यांत भेद करीत नाही. छिन्नीची धार जाते, दगडाची वर्षानुवर्षांत मुरलेली वरची साल जाते आणि उघडे पडलेले अंग पुढच्या पावसात अधिक झिजते. तमिळनाडूतील अनेक प्राचीन मंदिरांवर असा झोत फिरल्यावर आरडाओरड झाली आणि पुढे तेथे त्यास मनाई करावी लागली.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती आपण पाहिली असेल. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास ती उभारली. त्या काळचे बेळगावचे कन्नड शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सातशे वर्षांनी विद्वानांना ते वाचता आले, कारण तोवर अक्षरांच्या कडा शाबूत होत्या. अक्षीचा शके ९३४ चा मराठी लेख घ्या, किंवा डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात एकत्र केलेले लेख घ्या. ही सारी इमारत दोन-चार मिलिमीटर खोलीच्या रेघांवर उभी आहे. त्या रेघा मराठी असोत वा कन्नड, वाळूला दोन्ही सारख्याच.

आता माझी कबुली. निपाणीजवळच्या एका खेड्यात, देवळाच्या ओट्याशी एक लेखांकित शिळा होती. तरुणपणी मी तिच्या पहिल्या दोन ओळी वहीत उतरवल्या. खालच्या ओळींवर चुना आणि तेल साचले होते. “पुन्हा सवडीने येऊ, ठसा घेऊ,” असे म्हणून निघालो. ती सवड तीस वर्षे आली नाही. गेलो तेव्हा जीर्णोद्धार चालला होता आणि माझाच एक जुना विद्यार्थी ते यंत्र चालवीत होता. मोठ्या उमेदीने तो म्हणाला, “सर, बघा तरी, दगड कसा लख्ख निघालाय!” दगड खरोखरच लख्ख होता. त्यावर एकही अक्षर नव्हते.

त्याला मी काय बोलणार? त्याने श्रद्धेने काम केले होते. त्या दगडावर काय आहे हे त्याला सांगण्याचे काम माझे होते, आणि ते मी केले नव्हते.

ठसा घेण्यासही पाणीच लागते. मऊ कुंचल्याने शिळा धुवावी, ओला कागद तिच्यावर बसवावा, हलक्या हाताने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवावा आणि वरून शाई फिरवावी. अक्षर कागदावर पांढरे उमटते आणि दगड होता तसा राहतो. एका सकाळचे हे काम आहे.

विद्यार्थीमित्रांनो, आपापल्या गावी देवळाचे काम निघाले तर वाळू येण्याआधी तेथे पोहोचा. वीरगळ असो, सतीशिळा असो वा दानलेख, आधी त्याचे छायाचित्र काढा, जाणत्यास दाखवा, ठसा घ्या. लोखंडाला वाळू लावा, दगडाला पाणी पुरे आहे. माझ्या वहीत त्या लेखाच्या दोनच ओळी आहेत. तिसरी ओळ काय होती हे आता कोणीही सांगू शकणार नाही. तुमच्या वहीत अशी जागा रिकामी राहू नये, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.