तळ्यातला गणपती, तळ्याविना

पुण्याच्या सारसबागेत हिरवळ सखल आणि देऊळ उंचावर. ही उंचसखल रचना कुणा माळ्याची हौस नव्हे. लोक जिथे चटया पसरून बसतात तो एका तळ्याचा तळ आहे आणि देऊळ उभं आहे ते त्या तळ्यातल्या बेटावर.

पर्वतीवर देवदेवेश्वराचं मंदिर बांधणाऱ्या नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर टेकडीच्या पायथ्याशी हे तळं करवलं. पाणी आंबिल ओढ्याचं. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा तेव्हा शहराच्या अंगाअंगाने वाहत मुठेला मिळे. त्याला पर्वतीजवळ अडवून तळं भरलं आणि मधोमध जमिनीचा एक तुकडा राखून त्यावर बाग केली. सारसबाग हे नाव त्या बेटावरच्या बागेचं. तळ्यात नावा फिरत. पेशवे मसलतीसाठी नावेत बसत आणि वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी ठेवत, असं सांगतात. आख्यायिका असेल, पण वाड्यात भिंतीलाही कान असण्याच्या त्या काळात ती पटते खरी.

बेटावर गणपती आला तो 1784 मध्ये. स्थापनेचं श्रेय सवाई माधवरावांना दिलं जातं. ते तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते आणि कारभार होता नाना फडणीसांच्या हाती, तेव्हा श्रेयाची वाटणी वाचकांनीच करावी.

पुढे पेशवाई गेली, तळ्याची रया गेली. विसाव्या शतकात महापालिकेने तळं बुजवून आजची बाग केली. शेजारी पेशवे पार्क होतं. तिथे 1956 पासून फुलराणी ही छोटी आगगाडी धावू लागली, आणि पुण्यातल्या दोनतीन पिढ्यांनी वाघ पहिल्यांदा पाहिला तोही तिथेच. प्राण्यांची रवानगी नंतर कात्रजच्या संग्रहालयात झाली.

पाणी आता उरलंय ते देवळाभोवतीच्या कमळांच्या कुंडापुरतं. तरी जुने पुणेकर अजून तळ्यातल्या गणपतीलाच जातात. थंडी पडली की त्याला स्वेटर आणि कानटोपी चढते, दिवाळीच्या पहाटे बागेत पाय ठेवायला जागा नसते, आणि एरवी संध्याकाळी दर्शन आटोपून मंडळी फाटकाबाहेरच्या भेळेकडे वळतात. काहींचा क्रम उलटा असतो.