मेरी, गेल्डर्सची

मेरी, गेल्डर्सची : (सु. १४३४–१ डिसेंबर १४६३). स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याची राणी व त्याच्या पश्चात अल्पवयीन तिसऱ्या जेम्सच्या नावाने राज्यकारभार पाहणारी राजमाता. गेल्डर्सचा ड्यूक आर्नोल्ड व क्लीव्हची कॅथरिन यांची ही कन्या. तिच्या आईचा मामा, बर्गंडीचा ड्यूक फिलिप, याच्या दरबारात ती वाढली. ६०,००० क्राउनचा हुंडाही त्यानेच कबूल केला. ३ जुलै १४४९ रोजी एडिंबरोच्या होलीरूड मठात तिचा विवाह झाला. या सोयरिकीने स्कॉटलंडला केवळ राणी मिळाली नाही, बर्गंडीचा दारूगोळाही मिळाला. एडिंबरोच्या किल्ल्यावरील ‘मॉन्स मेग’ ही अजस्र तोफ फिलिपनेच १४५७ मध्ये धाडली.

तोफांचा हा नाद मात्र राजाला भोवला. ३ ऑगस्ट १४६० रोजी रॉक्सबरोच्या वेढ्यात, शेजारीच तोफ फुटून तो ठार झाला; तरीही वेढा न उठता किल्ला थोड्याच दिवसांत पडला आणि १० ऑगस्टला जवळच्या केल्सो मठात त्याच्या मुलास राज्याभिषेक झाला.

पुढील तीन वर्षांत मेरीने जी मसलत चालविली, तिचे मर्म उत्तरकालीन बखरकारांना उमगले नाही, किंवा उमगून घ्यावयाचे नव्हते. इंग्लंडात लँकेस्टर व यॉर्क या घराण्यांत यादवी माजलेली असताना तिने परागंदा सहाव्या हेन्रीस व त्याच्या राणीस आश्रय देऊन १४६१ मध्ये त्याच्या मोबदल्यात बेरिक हे मोक्याचे ठाणे पदरात पाडून घेतले, आणि लँकेस्टर पक्ष बुडत चालल्याचे दिसताच यॉर्कच्या चौथ्या एडवर्डशीही बोलणे लावले. सेंट अँड्रूजचा बिशप जेम्स केनेडी लँकेस्टर पक्षाला चिकटून राहिला. तरी इतिहासकारांनी शहाणपणाचे माप दीर्घकाळ त्याच्याच पदरात घातले व राणीच्या वाट्याला सॉमरसेटच्या ड्यूकशी जोडलेल्या प्रेमप्रकरणाची कंडी तेवढी ठेवली. पुरुष मुत्सद्द्याच्या बाबतीत जे धोरण ठरते, तेच विधवेच्या बाबतीत चंचलपणा ठरावे, हा न्याय एकट्या स्कॉटलंडचाच होता असे नाही.

एडिंबरोचे ट्रिनिटी कॉलेज चर्च व त्यास जोडलेले रुग्णालय ही तिची स्थापना. तिचे दफनही त्याच चर्चमध्ये झाले. १८४८ मध्ये रेल्वेस्थानकासाठी ते पाडण्यात आले. कर्काल्डीजवळचा, तिने १४६० मध्ये बांधावयास घेतलेला रेव्हन्सक्रेग हा समुद्रकाठचा किल्ला तोफांचा मारा ध्यानात घेऊन रचलेल्या ब्रिटनमधील आद्य किल्ल्यांपैकी होय : जमिनीच्या बाजूस दोन गोल बुरूज, जाडजूड तट व तटात तोफांसाठी जंग्या. तिच्या मृत्यूसमयी तो अपुराच होता. १४७० मध्ये तिसऱ्या जेम्सने ऑर्कनीची जहागीर सोडून देण्याच्या बदल्यात तो विल्यम सिंक्लेअर यास दिला.