मोटारीतला पट्टा आणि त्याची फिरकी



मोटारीच्या पुढच्या आसनावर बसले की खांद्यामागून एक पट्टा ओढून घ्यायचा आणि कमरेशी खटक्यात अडकवायचा, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही सर्वांच्या परिचयाची झाली आहे. आपण त्याला सीटबेल्ट म्हणतो. सावकाश ओढला की तो मुकाट्याने बाहेर येतो, सोडला की आपला आपण आत जातो, आणि अंगावर असताना बेताने टेकून राहतो. पण हाच पट्टा हिसका देऊन ओढून पाहा. तो जागच्या जागी अडतो. हे सारे काम दाराशेजारच्या खांबात, पत्र्याआड बसवलेली एक लहानशी फिरकी करते. आज त्या फिरकीचा इतिहास आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. परंतु घरादारातल्या साध्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि कधीकधी तो माणसाच्या स्वभावाविषयी अधिक सांगून जातो.

पट्ट्याने माणूस बांधून सुरक्षित ठेवावा ही कल्पना मोटारीपेक्षाही जुनी आहे. न्यूयॉर्कच्या एडवर्ड क्लॅगहॉर्न याला १८८५ साली अशा एका पट्ट्याचे पेटंट मिळाले. पुढे विमाने आली आणि वैमानिकाला आसनाशी बांधणे भागच पडले. पण पट्टा कसला असावा, याचा विचार मागाहून झाला. १९१७ साली ह्यू डीहेवन नावाचा एक शिकाऊ वैमानिक दोन विमानांच्या टकरीत सापडला. तो वाचला, मात्र त्याच्या पोटातल्या इंद्रियांना गंभीर इजा झाली. ती इजा पट्ट्याच्या बकलामुळे झाली, असे त्याच्या ध्यानात आले. अपघातात माणूस कशाने मरतो आणि कशाने वाचतो, याचा अभ्यास करण्यात त्याने पुढे हयात घालवली. पट्टा नुसता असून भागत नाही, तो नेमका कोठे आणि कसा बसतो याला महत्त्व आहे, हा धडा येथे मिळाला.

मोटारीत पट्टे आले ते बरेच उशिरा. अमेरिकेत नॅश कंपनीने १९४९ साली काही गाड्यांत कमरेचे पट्टे दिले, परंतु गिऱ्हाइकांना ते आवडले नाहीत. १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना येथील मेंदूचे शल्यविशारद हंटर शेल्डन यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. मोटार अपघातात डोके फुटलेले रुग्ण त्यांच्यापुढे वारंवार येत, आणि शस्त्रक्रियेची मर्यादा ते जाणून होते. म्हणून गाडीच सुधारा, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या सूचनांत आपोआप आत ओढल्या जाणाऱ्या पट्ट्याचीही सूचना होती. गुंडाळीचा विचार एका डॉक्टरने आवर्जून मांडावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

यानंतर नाव घ्यायचे ते स्वीडनच्या निल्स बोलिन यांचे. विमानातून वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रणा तयार करण्याचे काम ते पूर्वी करीत. १९५८ साली ते व्होल्वो या मोटार कंपनीत आले. एक पट्टा छातीवरून तिरका, एक कमरेवरून आडवा, आणि दोन्ही एकाच खटक्यात एका हाताने अडकणारे, अशी रचना त्यांनी केली. १९५९ साली ती गाड्यांत बसू लागली. कंपनीने हे पेटंट इतर कारखान्यांनाही खुले ठेवले. आज जगभर दिसणारा तीन टोकांचा पट्टा तो हाच. बोलिन यांचे एक निरीक्षण फार मार्मिक होते. वैमानिक जिवासाठी अंगावर काहीही बांधून घेतात. मोटारीतला सामान्य माणूस मात्र घडीभराची गैरसोय सोसत नाही, असे ते म्हणत.

आणि गैरसोय तर होतीच. त्या काळचा पट्टा ठरावीक लांबीचा असे. जाड माणूस उठून बारीक माणूस बसला की बकल सरकवून लांबी कमी करायची. थंडीत कोट घातला की पुन्हा वाढवायची. नीट आवळला तर पुढे वाकून काही घेता येत नसे. सैल ठेवला तर उपयोग नसे. सोडल्यावर तो खाली लोळे, चिखलाने माखे, दारात सापडे. मग एक साधी गुंडाळी निघाली. ती पट्टा आत घेई, पण एकदा आत गेलेला बाहेर येऊ देत नसे. खडबडीत रस्त्यावर प्रत्येक धक्क्याबरोबर ती थोडी थोडी आवळत जाई, आणि प्रवासी बिचारा घुसमटून जाई. बैलाच्या मानेवरचे जोते फार आवळले तर काचते आणि फार ढिले सोडले तर जू उसळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. येथेही नेमका तोच पेच होता.

हा पेच सोडवणारी फिरकी १९६० नंतरच्या दशकात मोटारींत रुळू लागली. तिचे दोन भाग आहेत. एक भाग पट्टा गुंडाळतो, दुसरा वेळ आली की तो अडवतो.

गुंडाळणारा भाग म्हणजे पोलादाच्या पातळ, लांब पट्टीची कमान; किल्लीच्या घड्याळात असते तशीच. कारखान्यातच तिला काही फेरे पीळ देऊन ठेवलेला असतो. आपण पट्टा ओढतो तसा तिला आणखी पीळ बसतो, आणि सोडला की ती उलट फिरून पट्टा आत घेते. सोपे वाटते, पण मौज पुढेच आहे. पट्टा पुरता आत गेला असता कमानीचा जोर सर्वांत कमी असतो; तो बाहेर येईल तसा जोर वाढतो. शिवाय पतंगाची आसारी आठवा. मांजा भरपूर असताना तिचा घेर मोठा असतो, संपत आला की लहान होतो. पट्ट्याचेही तसेच होते. घेर लहान झाला की त्याच पिळाने पट्ट्यावर ताण अधिक पडतो. म्हणजे पट्टा छातीवर असतो, जेव्हा तो हलका हवा, तेव्हा ओढ जास्त. आणि शेवटची वीतभर लांबी आत घ्यायची असते, जेव्हा जोर हवा, तेव्हा ओढ कमी!

त्यात भर पडते घर्षणाची. पट्टा खांद्याजवळच्या कडीतून वळसा घेऊन खाली येतो. खुंटाला दोराचा एक वेढा दिला की बैल किती सहज आवरतो, हे आपण जाणतोच. कडीतला वळसा तसाच पट्ट्याला धरून ठेवतो. ही कडी गुळगुळीत करणे, कमानीची पट्टी अधिक लांब व पातळ घेऊन तिचा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राखणे, या गोष्टींत पुढच्या इंजिनियरांचे बरेच श्रम गेले. काही गाड्यांत पट्टा खटक्यात बसताच ओढ कमी करणारी सोयही केलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेल्या युरोपीय नियमात खांद्याच्या पट्ट्याची ओढ साधारण १०० ग्रॅम वजनाहून कमी नसावी आणि ७०० ग्रॅमहून अधिक नसावी, असे बंधन आहे. 

आता अडवणारा भाग. फिरकीच्या कडेला दाते असलेले चाक असते. खाली एका वाटीत एक गोळी ठेवलेली असते. गाडी एकाएकी थांबली की गोळी वाटीच्या कडेवर चढते, वरची तरफ उचलते, तरफ दात्यांत अडकते आणि फिरकी थांबते. दुसरी योजना पट्ट्याच्याच वेगावर चालते. तो झपाट्याने बाहेर येऊ लागला की आतला खटका दात्यांत जातो. त्याच नियमाप्रमाणे, गुरुत्वाकर्षणाच्या ०.४५ पट इतक्या जोराने गाडीची गती कमी झाली, की नेहमीच्या प्रकारची फिरकी अडलीच पाहिजे, आणि तोवर पट्टा ५० मिलिमीटरहून अधिक सरकता कामा नये. ती १२ अंशांपर्यंत कलली तर अडू नये. २७ अंशांपलीकडे अडावी. घाटात किंवा बांधावर गाडी फार तिरकी उभी असली की पट्टा बाहेर येत नाही, त्याचे कारण हेच. पट्टा बिघडलेला नसतो; गोळी आपले काम करीत असते.

फिरकी आल्यावर कायद्यालाही बळ आले. १९७० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा लावणे सक्तीचे केले. जगात असा कायदा हा पहिलाच. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांसाठी ही सक्ती ३१ जानेवारी १९८३ पासून आली. अमेरिकेने मात्र वेगळाच प्रयोग केला. १९७४ च्या गाड्या पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके संतापले की त्याच वर्षी तेथील काँग्रेसने कायदा करून ती सक्ती काढून टाकली.

याच सुमारास तेथे आरामाचा अतिरेकही झाला. पट्ट्याचा खांद्यावरचा भार नको, म्हणून खिडकीच्या गुंडाळीच्या पडद्याप्रमाणे चालणारी एक युक्ती अमेरिकन गाड्यांत आली. पट्टा थोडा ओढून सोडला की तो तेथेच राही, आत जात नसे. आराम मिळाला, पण माणसे हातभर ढील देऊन बसू लागली. ढील म्हणजे काय? ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगाने आदळणे हे सुमारे ३८ फूट खोल कोरड्या विहिरीच्या तळावर पडण्यासारखे आहे. टकरीचा सारा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास संपतो. त्यातला काही काळ पट्ट्याचा ढील भरून काढण्यातच गेला, तर राहिलेल्या वेळात शरीराला अधिक जोराचा आचका बसतो, किंवा डोके आधीच पुढे जाऊन आपटते. ही युक्ती टीकेला पात्र झाली आणि मागे पडली. उलट १९८१ साली मर्सिडीजने टकरीच्या क्षणीच पट्टा मागे खेचून ढील काढणारी यंत्रणा आणली. थोडक्यात, एरवी हलका आणि गरजेला घट्ट, या सूत्राकडे फिरकी पुन्हा वळली.

आपल्या देशात १९९३ च्या दुरुस्तीने केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या आसनांच्या पट्ट्यांची तरतूद झाली. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावावा असेही नियमात आहे, पण तिकडे कोण पाहतो? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या आसनांवरील दोघेही मृत्यू पावले. त्यांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. पट्टा न लावता घंटीचा आवाज तेवढा बंद पाडणाऱ्या नकली पट्ट्या बाजारात मिळू लागल्या, आणि २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांची विक्री थांबवण्याचे आदेश द्यावे लागले. बोलिन यांचे निरीक्षण आपल्यालाही लागू आहे, ते असे.

तेव्हा दोन गोष्टी व्यवहाराच्या सांगतो. पट्टा आत जाताना रेंगाळू लागला तर बहुधा कमान बिघडलेली नसते. धूळ आणि घाम यांनी पट्टा व कडी चिकट झालेली असते. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावे, पुरते वाळू द्यावे, मगच आत सोडावे. तेल घालू नये, आणि फिरकीचे झाकण तर मुळीच उघडू नये. आतली कमान उसळून इजा करते. पट्टा काचतो म्हणून त्याला चिमटा लावून ढिला करून ठेवणे हे तर लावला नसल्यासारखेच आहे.

शिक्षकबंधूंना एक विनंती. शाळेच्या आवारात एखादी मोटार उभी असेल तर मुलांना पट्टा आधी सावकाश आणि मग हिसक्याने ओढून पाहू द्यावा. कमान, घर्षण, जडत्व हे पुस्तकातले तिन्ही धडे तेथे हाताला लागतात. आणि घरी जाताना जीपच्या मागच्या आसनावर बसलेला मुलगा आपल्या वडिलांना पट्टा लावायला सांगू लागला, तर त्या धड्याचे चीज झाले असे समजावे.