डावीकडे वळण्यासाठी आधी उजवीकडे

म्हसळ्याहून श्रीवर्धनला येणारा रस्ता वळणावळणाचा आहे. पावसाळ्यात तांबडी माती वाहून डांबरावर येते. शेखाडीच्या बाजूने किनाऱ्याने यावे, तर वाऱ्याने उडालेली वाळू वाटेत पसरलेली असते. अशा रस्त्यावर मोटारसायकलस्वाराच्या तीन कौशल्यांची परीक्षा होते: अगदी हळू जाताना तोल सांभाळणे, वेगात वळण घेणे आणि निसरड्यावर ब्रेक लावणे. तिन्ही अवघड आहेत, कारण तिन्हींत मनाला जे सुचते ते बहुधा चुकीचे असते. त्यांच्यामागे तत्त्व मात्र एकच आहे. ते माणसाच्या हाताला आधी उमगले आणि विज्ञानाला पुरते मांडायला बराच काळ लागला. तो इतिहास आपण पाहू.

१८१७ च्या जून महिन्यात कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने मानहाइम गावाबाहेर एक लाकडी वाहन चालवून दाखवले. एकामागे एक अशी दोन चाके होती, पेडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन रेटीत जायचे. पण पुढचे चाक वळवता येत होते आणि सारे मर्म तिथेच होते. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला चाक वळवले, की चाके पुन्हा स्वाराच्या खाली येतात आणि तोल सावरतो.

वर्गात हे दाखवायला तळहातावर उभी धरलेली छडी पुरे. छडी उजवीकडे कलली की हात उजवीकडे न्यावा लागतो. आता विद्यार्थ्याला सांगा, "उभी छडी घेऊन डावीकडे चालत जा." नीट पाहिले तर दिसेल, की त्याचा हात आधी किंचित उजवीकडे सरकतो. त्यामुळे छडी डावीकडे कलते आणि मगच हात तिच्यामागे डावीकडे जातो.

दुचाकीचे वळण असेच घडते. डावीकडे वळायचे तर पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळावे लागते. वाफेच्या इंजिनाच्या अभ्यासामुळे आपल्याला परिचित असलेल्या विल्यम रँकिन यांनी १८६९ मध्ये हे लिहून ठेवले. तरी स्वारांना त्याचा पत्ता नव्हता. विमानाच्या शोधापूर्वी सायकलींचा धंदा करणारे विल्बर राइट यांनी अनेकांना विचारले, की तुम्ही डावीकडे कसे वळता? हँडल डावीकडे फिरवतो, असेच बहुतेकांचे उत्तर असे. आधी ते किंचित उजवीकडे जाते, हे खोदून विचारल्यावर काहींनाच पटे. हात बरोबर काम करीत होते, तोंड चुकीचे उत्तर देत होते.

१८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली. तिचे इंजिन जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीचे होते. पडू नये म्हणून तिला दोन्ही बाजूंना एकेक लहान चाक लावले होते. पण आधाराची चाके असली की गाडीला मोकळेपणी कलता येत नाही, आणि कलल्याशिवाय वेगात वळता येत नाही.

मग गणितज्ञ पुढे आले. १८९९ मध्ये केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल यांनी सायकलच्या गतीची समीकरणे मांडली. तरीही 'फिरती चाके भोवऱ्यासारखी असतात, म्हणून सायकल पडत नाही' हे सोपे उत्तर रूढ राहिले. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनतज्ज्ञाने सायकलला उलट फिरणारे एक जादा चाक जोडून भोवऱ्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा केला. तरी ती सायकल चालवता आली. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतील संशोधकांनी भोवऱ्याचा परिणाम काढून टाकलेली दुचाकी बनवली. ढकलून दिल्यावर ती स्वाराशिवायही तोल राखून धावली. भोवऱ्याचा परिणाम मदत करतो, पण तोलाला तो अत्यावश्यक नाही, हे सिद्ध झाले. कलत्या बाजूला चाक वळणे ही गोष्ट मात्र कायम राहिली.

आता श्रीवर्धनच्या रस्त्यावर परत येऊ. पहिले कौशल्य हळू चालवण्याचे. वेग कमी असला की हँडल तेवढेच वळवूनही चाके बाजूला फार थोडी सरकतात. म्हणून तोलासाठी हँडल जास्त वळवावे लागते. माणसाच्या चालीने गाडी चालवणे अवघड असते ते यामुळे.

दुसरे, वळण. ३० मीटर त्रिज्येचे सपाट वळण ताशी ४० किलोमीटर वेगाने घेतले, तर गाडी सुमारे २३ अंश कलावी लागते आणि घर्षणाचा गुणांक किमान ०.४२ लागतो. वेग ३० केला की हेच आकडे १३ अंश आणि ०.२४ होतात. वेग पावपट घटला, घर्षणाची गरज जवळजवळ निम्मी झाली, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कोरडे डांबर ०.४२ सहज देते. ओल्या मातीवर किंवा वाळूवर त्याचा भरवसा धरता येत नाही. वेग कमी करायचा तो वळणाआधी. वळणात वाट अपुरी पडते असे वाटले की घाबरलेला स्वार हँडल वळणाच्या दिशेने ओढतो आणि गाडी उलट सरळ उभी होते. डावीकडे अधिक कलायचे तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलावी लागते.

तिसरे, ब्रेक. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून कोरड्या रस्त्यावर थांबवण्याची अधिक शक्ती पुढच्याच ब्रेकमध्ये असते. पण तो दचकून दाबला आणि चाक जाम झाले, तर ते फिरायचे थांबून घसरू लागते. घसरणारे चाक वळवले तरी गाडीची दिशा बदलत नाही, म्हणजे तोल सावरण्याचे साधनच हातातून जाते. ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा तो यासाठी. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती चाक फिरते ठेवते, पण रस्त्यात नसलेले घर्षण आणू शकत नाही.

गिअरच्या गाडीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळतो. अकरावी-बारावीच्या वर्गात पुढच्या वर्षी गाडी चालवणारी मुले बसलेली असतात. वर्तुळाकार गती शिकवताना दगड-दोरीचे उदाहरण आपण देतोच. त्याच्या जोडीला छडीचा प्रयोग करावा आणि गावाजवळच्या एखाद्या वळणाचे गणित मुलांकडून सोडवून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.