रवींद्र कोल्हे आणि स्मिता कोल्हे

डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे हे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात आरोग्यसेवा करणारे दाम्पत्य आहे. धारणी तालुक्यातील बैरागड हे गाव त्यांची कर्मभूमी असून परिसरात कोरकू आदिवासींची मोठी वस्ती आहे. अत्यल्प शुल्कातील उपचार आणि स्वेच्छेने स्वीकारलेली साधी राहणी यांसाठी ते ओळखले जातात. २०१९ साली भारत सरकारने दोघांना पद्मश्री पुरस्काराने सन्मानित केले.

पार्श्वभूमी

रवींद्र कोल्हे मूळचे शेगावचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.बी.बी.एस. पदवी घेतली. महात्मा गांधी आणि विनोबा भावे यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १९८०च्या दशकाच्या मध्यास ते बैरागडला गेले. तेथील अनुभवातून अधिक शिक्षणाची गरज जाणवल्याने त्यांनी पुढे एम.डी. केले आणि ते बैरागडला परतले.

विवाहाच्या अटी

परतण्यापूर्वी जोडीदार शोधताना त्यांनी चार अटी घातल्या होत्या. वधूची ४० किलोमीटर चालण्याची तयारी असावी, कारण बैरागडला पोहोचण्यास तेव्हा वाहन नव्हते. विवाह ५ रुपयांत, नोंदणी पद्धतीने व्हावा. महिन्याचा संसार ४०० रुपयांत चालवावा. १ रुपया शुल्क आणि महिन्याला सुमारे ४०० रुग्ण, असा त्यामागील हिशेब होता. प्रसंगी स्वतःसाठी नव्हे, तर इतरांसाठी भीक मागण्याचीही तयारी असावी. नागपुरात स्वतःचा वैद्यकीय व्यवसाय असलेल्या स्मिता यांनी या अटी मान्य केल्या आणि व्यवसाय सोडून त्या बैरागडला आल्या.

मुलाचे आजारपण

पहिल्या अपत्याच्या वेळी या निर्णयाची कसोटी लागली. गावातील इतर स्त्रियांप्रमाणेच स्मिता यांची प्रसूतीही बैरागडला करण्याचे दोघांनी ठरवले. जन्मानंतर बाळाला न्यूमोनियासह गंभीर संसर्ग झाला. बाळाला शहरातील रुग्णालयात हलवावे, असा सल्ला मिळाला. परंतु गावातील मुलांना जे उपचार मिळतात तेच आपल्या मुलालाही द्यावेत, असा निर्णय स्मिता यांनी घेतला. बाळ वाचले. या प्रसंगानंतर गावकऱ्यांचा त्यांच्यावरील विश्वास दृढ झाला.

सार्वजनिक सुविधांसाठी प्रयत्न

कोल्हे दाम्पत्याने स्वतःच्या गरजा मर्यादित ठेवल्या, तरी गावाच्या गरजांबाबत तशी भूमिका घेतली नाही. रस्ते, वीज आणि आरोग्य केंद्रे यांसाठी त्यांनी पाठपुरावा केला. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी त्यांचे साधे घर पाहून नवे घर बांधून देण्याची तयारी दर्शवली, तेव्हा स्मिता यांनी घराऐवजी परिसरासाठी रस्ते मागितले. कुपोषणाचे मूळ दारिद्र्यात असल्याचे ध्यानात घेऊन दोघांनी शेती सुधारण्याकडेही लक्ष दिले.

वैचारिक संदर्भ

भारतीय परंपरेतील अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा अधिक संग्रह न करणे, हे तत्त्व गांधींच्या एकादश व्रतांत समाविष्ट आहे. गांधींच्या सहवासात राहिलेले अमेरिकन विचारवंत रिचर्ड ग्रेग यांनी १९३६ साली ‘ऐच्छिक साधेपणा’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा रूढ केली. लादलेले दारिद्र्य आणि निवडलेला साधेपणा या भिन्न गोष्टी आहेत. कोल्हे दाम्पत्याच्या कार्यात दुसऱ्याचा उपयोग पहिले दूर करण्यासाठी झालेला दिसतो.