कच्चे लिंबू (मुलांच्या खेळांतील सवलत)

कच्चे लिंबू : महाराष्ट्रातील मुलांच्या मैदानी खेळांत वयाने सर्वांत लहान किंवा अगदी नवख्या गड्याला मिळणारी बाद न होण्याची सवलत, तसेच ती सवलत मिळालेला गडी. ‘लिंबूटिंबू’ हे तिचे दुसरे रूढ नाव आहे. लपंडाव, शिवाशिवी, विषामृत, डबा ऐसपैस अशा खेळांत ती विशेषतः आढळते. असा गडी सापडला किंवा शिवला गेला, तरी त्याच्यावर राज्य येत नाही, म्हणजे इतरांना शोधण्याची वा पकडण्याची पाळी त्याला घ्यावी लागत नाही.

ही सवलत खेळाच्या आरंभी चकताना ठरते. चकणे म्हणजे हातावर हात ठेवून, पालथ्या-उताण्या तळव्यांवरून एकेक गडी सोडवत नेण्याची आणि शेवटी उरेल त्याच्यावर राज्य देण्याची रीत होय. पंच किंवा वडीलधारे माणूस नसताना मुले हा निर्णय आपसांत घेतात. धाकट्या भावंडाला घरी ठेवून येता येत नाही आणि त्याच्यावर राज्य दिल्यास डाव रखडतो, अशा पेचातून बहुधा थोरले भावंडच ही सूचना मांडते.

दुबळ्याच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद काही खेळांत त्यालाच अजिंक्य करून सोडते आणि तिच्यातील विनोद येथेच आहे. डबा ऐसपैसमध्ये राज्य असलेला गडी डब्याची राखण करत इतरांना शोधतो, आणि लपलेल्यांपैकी कोणी नजर चुकवून डबा उडवला, तर त्याच्यावर पुन्हा राज्य येते. कच्च्या लिंबाला मात्र लपण्याचेच कारण नसल्यामुळे ते उघडपणे चालत येऊन डबा उडवू शकते आणि राखणाऱ्याकडे त्यावर काहीच उपाय उरत नाही. लपंडावात पाठीमागून द्यायच्या धप्प्याचेही तसेच असल्याने, थोरली मुले हे ओळखून चिमुरड्यालाच पुढे धाडतात.

हा असमतोल टाळण्यासाठी सवलतीला उलट बाजूने बंधन घातले जाते : कच्चे लिंबू बाद होत नाही, पण त्याचा धप्पाही धरला जात नाही. या पूर्ण रूपात गड्याला धावण्या-लपण्याचा सगळा आनंद मिळतो आणि डावाचा निकाल मात्र बदलत नाही. एकतर्फी रूपात त्याचा धप्पा धरला जातो. तेथे भांडणे अधिक होतात आणि हसूही अधिक येते. कर्मचारी वसाहतींत वेगवेगळ्या गावांची मुले एकाच मैदानावर येतात, तेव्हा कोणते रूप धरायचे, हे खेळाआधी बोलून घेणे इष्ट ठरते.

सवलत देऊनही तोल राखण्याचा हाच प्रश्न टेबलावरच्या भूमिकाप्रधान खेळांपुढे, म्हणजे प्रत्येक खेळाडू एखादे काल्पनिक पात्र चालवतो आणि प्रसंगांचा निकाल फाशांवर लावला जातो अशा खेळांपुढेही असतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत, हाफलिंग या बुटक्या जमातीच्या पात्राला वीस पैलूंच्या फाशावर एक पडल्यास तो पुन्हा टाकण्याची मुभा आहे, तर स्टीव्ह जॅक्सन यांच्या ‘गर्प्स’मध्ये (१९८६) पात्राच्या प्रत्येक अनुकूल वैशिष्ट्याची किंमत ठराविक गुणांत मोजावी लागते. तेथे छापील नियमांनी साधलेला तोल येथे मुले तोंडी कराराने साधतात.

बंगालमधील ‘दूधभात’, फिलिपाइन्समधील ‘सालिंग पुसा’ आणि जपानमधील ‘मिसोक्कासु’ या याच जातीच्या प्रथा होत. स्पर्धात्मक खो-खो किंवा कबड्डीत अशा सवलतीला जागा नाही, कारण तेथे वयोगट पाडून खेळाडूंतील अंतर आधीच कमी केलेले असते. निरनिराळ्या वयांची मुले जेथे एकत्र खेळतात, तेथेच तिची गरज भासते.

ही सवलत कायमची नसते. गडी वेगाने धावू लागला की सोबती ती काढून घेतात, आणि पुष्कळदा तो स्वतःच ती नाकारतो, कारण बाद होण्याचा धोका पत्करल्याखेरीज आपला धप्पा धरला जाणार नाही, हे त्याला कळलेले असते. धाकट्यांना खेळाबाहेर न ठेवता खेळाची शिस्त शिकवणारी ही तरतूद मुलांनी स्वतः घडवलेल्या नियमांपैकी अत्यंत न्याय्य मानावी लागते.